काटा यादीतून कुठे गेला? बोलक्या फ्रेंचच्या शोधाची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सहा महिन्यांसाठी फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत गेले. जाण्याआधी दीड वर्ष फ्रेंच शिकले होते, परीक्षाही बऱ्या मार्कांनी पास झाले होते. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या जेवणाच्या टेबलावर लक्षात आलं की काहीतरी भलतंच चुकतंय. सेमिनार मला कळायचा. पण सेमिनार संपून त्याच माणसांच्या गप्पा सुरू झाल्या की दहातली सात वाक्यं डोक्यावरून जायची. बरं, या गप्पा नुसत्या हवापाण्याच्या नसायच्या. कुठला पंप बिघडलाय, कुणाचे आकडे का जुळत नाहीयेत, पुढच्या आठवड्यात मशीन कुणाला मिळणार, हे सगळं तिथेच ठरायचं. मी मात्र हसून मान डोलवायची.

'मला माहीत नाही' हे मी शिकल्याप्रमाणे 'झ न से पा' असं म्हणायची. बाकी सगळे 'शे पा' म्हणायचे. 'तिथे आहे' म्हणजे 'इल इ या', ते टेबलावर नुसतं 'या' उरायचं. 'आपण जातो' यासाठी मी 'नू झालों' घोकलं होतं, तिथे जो तो 'ओं व्हा' म्हणत होता. नकारातला 'न' तर जणू कुणी चोरून नेला होता. एक सहकारी प्रेमानेच म्हणाली, "तू छापलेल्या पुस्तकासारखी बोलतेस."

आता यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. आपणही 'मी जात नाही आहे' असं लिहितो आणि 'मी जात नाहीये' असं बोलतो. 'मी काय करत आहे' असं घरात कुणी म्हणालं तर सगळे वळून बघतील. पण मला प्रश्न पडला तो वेगळा. माणसं प्रत्यक्षात कसं बोलतात हे जर सगळ्यांना रोज ऐकू येतं, तर ते पुस्तकात का येत नाही? ते कुणी कधी मोजलं होतं का? शोधत गेले तेव्हा कळलं की मोजलं होतं, अनेकदा मोजलं होतं, आणि दर वेळी मोजण्याच्या साधनातून काहीतरी निसटलं होतं. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. फ्रेंच शिकायचं असेल तर उपयोगी पडेलच, पण संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल तर जास्त.

राजवैद्याची डायरी

सुरुवात करू या 1601 पासून. त्या वर्षी फ्रान्सच्या राजघराण्यात एक मुलगा जन्मला, पुढचा तेरावा लुई. झाँ एरोआर हा त्याचा वैद्य. मुलगा काय खातो, किती झोपतो, कधी रडतो हे तो रोज लिहून ठेवायचा, आणि 1628 मध्ये मरेपर्यंत त्याने हे सोडलं नाही. संशोधकांच्या दृष्टीने सोन्यासारखी गोष्ट अशी की मुलाचं बोलणं तो शक्य तितकं जसंच्या तसं, त्याच्या बोबड्या उच्चारांसकट लिहायचा. आणि त्या नोंदींमध्ये नकारातला 'न' अनेक ठिकाणी गायब आहे!

म्हणजे ज्याला आजचे शुद्धतावादी 'हल्लीच्या पोरांचं आळशी फ्रेंच' म्हणतात, ते चारशे वर्षांपूर्वी राजवाड्यात बोललं जात होतं. गंमत पुढेच आहे. हाच मुलगा राजा असताना, 1635 मध्ये, भाषेचे नियम ठरवणाऱ्या फ्रेंच अकादमीची स्थापना झाली. 1647 मध्ये वोझला या व्याकरणकाराने चांगल्या फ्रेंचची व्याख्या केली: दरबारातल्या सर्वांत शहाण्या लोकांचं बोलणं, आणि त्याला चांगल्या लेखकांची साथ. ज्या दरबारात 'न' गळत होता तोच दरबार प्रमाण ठरला, आणि प्रमाण भाषेत 'न' मात्र पक्का बसला.

पण थांबा. संशोधक म्हणून इथे लगेच टाळी वाजवायची नाही. लहान मुलं कुठल्याही भाषेत आघात नसलेले तुकडे गाळतात. मग एरोआरच्या नोंदींमधून आपल्याला सतराव्या शतकाचं फ्रेंच दिसतं की फक्त एका लहान मुलाचं? यावर भाषाशास्त्रज्ञांमध्ये खरंच वाद झालेत. काहींच्या मते 'न' गळणं जुनंच आहे, पूर्वी ते लिहिलं जात नव्हतं इतकंच. काहींच्या मते ते वेगाने वाढलं ते अलीकडच्या काळात. पहिला धडा इथेच मिळतो. नमुना कितीही सुंदर असो, तो कशाचा नमुना आहे हे आधी विचारायचं.

हा 'न' गळतो तरी का, तेही बघू. जुन्या फ्रेंचमध्ये नकाराला एकटा 'न' पुरत असे. मग जोर द्यायला लोक त्यामागे छोट्या वस्तूंची नावं लावू लागले. आपण 'कणभरही नाही', 'थेंबभरही नाही' म्हणतो ना, तसंच. 'पा' म्हणजे पाऊल. 'पाऊलभरही चालत नाही' यातलं पाऊल हळूहळू सगळ्याच क्रियापदांना चिकटलं, त्याचा मूळ अर्थ विरला, आणि नकाराचा भार त्याच्यावर आला. मग दुबळा 'न' बोलण्यातून गळू लागला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन याने 1917 मध्ये अनेक भाषांमधला हा फेरा मांडला, त्याला आज येस्पर्सनचं चक्र म्हणतात. तेव्हा 'शे पा' हा आळस नाही, भाषेची एक जुनी चाल आहे.

कान, मेणाची तबकडी आणि कैद्यांची पत्रं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॉल पासी नावाच्या शिक्षकाने ठरवलं की परक्यांना लिहिलेलं नाही, बोललेलं फ्रेंच शिकवायचं. 1886 मध्ये त्याने परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेच्यांचं पुस्तक काढलं, त्यात उच्चार जसे कानाला ऐकू येतात तसे लिहिले होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने भाषाशिक्षकांची जी संघटना उभी केली, तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना झाली. शब्दकोशात उच्चार दाखवणारी जी विचित्र चिन्हं तुम्ही बघता, त्यांचं मूळ या शिक्षकांच्या वर्गात आहे. पासीचं साधन होतं त्याचा कान. तयार कान, पण शेवटी एका माणसाचा.

1911 मध्ये फेर्दिनाँ ब्र्यूनो याने पाते कंपनीच्या मदतीने सोर्बोनमध्ये 'वाणीचं संग्रहालय' सुरू केलं. आता यंत्र आलं. ब्र्यूनो ते घेऊन 1912 मध्ये आर्देनच्या खेड्यांत गेला, पुढच्या वर्षी बेरी आणि लिमूझँमध्ये. पण तेव्हाचं ध्वनिमुद्रण म्हणजे एका मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून मोठ्याने बोलायचं, तेही मोजकी मिनिटं. विचार करा, तुमच्या तोंडासमोर भोंगा धरला तर तुम्ही घरच्यासारखं बोलाल? आवाज जपला गेला, पण सहजपणा गेला.

आँरी फ्रे याने उलटा रस्ता धरला. 1929 मध्ये त्याचं 'चुकांचं व्याकरण' आलं. पहिल्या महायुद्धात जिनिव्हाच्या युद्धकैदी कार्यालयाकडे आलेली पत्रं ही त्याची सामग्री. कैद्यांची, त्यांच्या घरच्यांची, फारसं न शिकलेल्या माणसांची पत्रं. जवळचं माणूस जिवंत आहे का हे विचारताना व्याकरणाकडे कोण बघतं? लोक जसे बोलायचे तसंच लिहून गेले. फ्रेचं म्हणणं होतं की या चुका म्हणजे कचरा नव्हे. भाषेला कुठे काय कमी पडतं आणि लोक ते कसं भरून काढतात, हे त्या सांगतात. तुमच्या प्रयोगात 'आउटलायर' म्हणून काय काय फेकून देता, ते एकदा आठवून बघा.

तीन लाख बारा हजार शब्द

आता मुख्य गोष्टीकडे येते. दुसरं महायुद्ध संपलं होतं. इंग्रजीचा जोर वाढत होता. ऑग्डनने 1930 मध्येच 850 शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' तयार केलं होतं. फ्रान्सच्या हातून एकेक वसाहत निसटण्याचे दिवस जवळ येत होते. अशा वेळी वसाहतींमध्ये आणि परदेशात फ्रेंच लवकर शिकवता यावं म्हणून फ्रेंच शिक्षण मंत्रालयाने एक गट नेमला. जॉर्ज गूगेनहाइम हा त्याचा प्रमुख. सोबत रने मिशेआ, पॉल रिवाँक आणि ओरेलियाँ सोवाजो. काम चालायचं पॅरिसजवळ सें-क्लू इथे.

ऑग्डनची यादी तर्काने बनलेली होती. गूगेनहाइमने ठरवलं की आपण ऐकायचं आणि मोजायचं. नवं यंत्र हाताशी होतं, चुंबकीय फितीचा टेपरेकॉर्डर. भोंगा गेला, लांब गप्पा पकडता येऊ लागल्या. त्यांनी 163 संभाषणं मुद्रित केली, बोलणारी माणसं 275. एकूण शब्द भरले 3,12,135. त्यात वेगवेगळे शब्द किती? 7,995. आणि त्यातले किमान वीस वेळा आलेले फक्त 1,063. नुसती वारंवारता न बघता, एखादा शब्द किती वेगवेगळ्या संभाषणांत आला हेही त्यांनी मोजलं. नाहीतर एकच शिकारी तासभर सशांबद्दल बोलला तर ससा यादीत वर चढणार!

यादीच्या डोक्यावर कोण आलं? 'असणे' आणि 'जवळ असणे' अर्थाची क्रियापदं, 'मी', 'तो', 'हे', 'नाही', 'आणि'. म्हणजे बोलण्याला धरून ठेवणारा सांगाडा. साधा भूतकाळ, जो कादंबऱ्यांत पानोपानी असतो, तो बोलण्यात जवळजवळ नव्हताच. त्यामुळे प्राथमिक पायरीवरून तो काढला गेला. शिकणाऱ्याच्या डोक्यावरचं केवढं ओझं या एका मोजणीने उतरलं!

पण यादी नीट बघितल्यावर सगळे चक्रावले. 'फुर्शेत', म्हणजे जेवणाचा काटा, तळाशी! फ्रेंच माणूस दिवसातून दोनदा काटा हातात धरतो, तरी मोजणीत त्याला स्थान नाही. 'दात', 'कोपर' असल्या शब्दांचीही तीच गत. टेपरेकॉर्डर बिघडला होता का? नाही. मोजणी चुकली का? तीही नाही. कारण साधं होतं. काटा समोर असतो तेव्हा त्याचं नाव घ्यावं लागत नाही. 'ते दे जरा' म्हटलं की भागतं. ठोस वस्तूंची नावं विषय निघाला तरच येतात, विषय नसेल तर तीन लाख शब्दांतही येत नाहीत.

मिशेआने याला नाव दिलं: 'उपलब्ध' शब्द. हे शब्द वारंवार येत नाहीत, पण गरज पडताच जिभेवर हजर असतात. मग ते मोजायला त्यांनी दुसरं साधन बनवलं. शाळकरी मुलांना सोळा विषय दिले: शरीर, कपडे, घर, स्वयंपाकघर, जेवणाच्या टेबलावरच्या वस्तू, गाव, वाहनं, प्राणी वगैरे. प्रत्येक विषयावर आठवतील ते वीस शब्द लिहायचे. एका मोजणीत जे बुडालं होतं ते दुसरीत वर आलं.

मला हा सगळा प्रकल्प आवडतो तो याच जागी. ही माणसं आकड्यांना चिकटून 'काटा महत्त्वाचा नाही' असं म्हणाली नाहीत. आकडे सोडून 'आम्हाला वाटतं म्हणून घाला' असंही म्हणाली नाहीत. आपलं साधन काय बघू शकत नाही हे त्यांनी ओळखलं आणि त्या नेमक्या आंधळ्या जागेसाठी वेगळं साधन केलं.

वाद, आणि पुन्हा एकदा इस्त्री

1954 मध्ये 'प्राथमिक फ्रेंच' या नावाने पुस्तिका निघाली. त्याच वर्षी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला आणि अल्जीरियात युद्ध पेटलं. पुस्तिकेवर टीकेची झोड उठली. 1955 मध्ये मार्सेल कोएन आणि इतरांनी 'प्राथमिक फ्रेंच? नाही' या शीर्षकाचं पुस्तकच काढलं. वसाहतीतल्या लोकांच्या पदरात गरीब, कापलेलं फ्रेंच टाकताय, असा राग त्यामागे होता. हा राग समजून घ्यायला हवा. सोपी भाषा शिकवणं आणि कुणाला सोप्या भाषेपुरतंच ठेवणं, यातलं अंतर किती कमी आहे हे आपल्याकडे इंग्रजी कुणाला मिळालं आणि कुणाला नाही हे पाहिलेल्यांना सांगायला नको. पुढे प्रकल्पाचं नाव बदलून 'पायाभूत फ्रेंच' झालं.

या शब्दांच्या पायावर झाग्रेबचा पेतार गुबेरिना आणि रिवाँक यांनी शिकवण्याची नवी पद्धत बांधली. भिंतीवर चित्रफीत, टेपवर संवाद. 1960 च्या दशकात ती जगभर गेली. पण हे संवाद लिहिलेले होते आणि नटांनी म्हटलेले होते. शब्द बोलण्यातून मोजून घेतलेले, पण त्यांची वाक्यं स्वच्छ धुऊन इस्त्री केलेली. अडखळणं नाही, वाक्य अर्धं सोडणं नाही, 'न' जिथल्या तिथे. टीकाकारांनी तेव्हाच म्हटलं की असं कुणी बोलत नाही. मी दीड वर्ष जे शिकले त्याचे पूर्वज हेच संवाद.

ऐकू न येणारा 'न'

यानंतर लोक पुन्हा गावात गेले. 1968 पासून काही ब्रिटिश अध्यापकांनी ऑर्लेआँ शहरात शेकडो तासांचं बोलणं मुद्रित केलं, हेतू अगदी व्यावहारिक: ब्रिटनमधल्या मुलांना खरं फ्रेंच ऐकवायचं. 2008 पासून तिथल्या विद्यापीठाने त्याच शहरात दुसरी फेरी सुरू केली. तिकडे माँट्रियलमध्ये 1971 साली 120 माणसांच्या मुलाखती मुद्रित झाल्या. त्यांत नकारातला 'न' शंभरात एकदाही भरत नाही, इतका दुर्मीळ निघाला. फ्रान्सच्या तूर शहरात विल्यम ॲश्बी याने 1976 मध्ये आणि मग 1995 मध्ये मुद्रण केलं. दुसऱ्या वेळी 'न' आणखी कमी झालेला होता.

आता एक छोटं कोडं सांगते. 'आपल्याकडे नाही' हे फ्रेंचमध्ये 'ओं ना पा'. यात 'न' आहे की नाही? लिहिताना दोन्ही शक्य आहेत. 'न' असेल तर 'ओं' अधिक 'ना'. 'न' नसेल तरी 'ओं' पुढे स्वर आला की जोडणीचा 'न' आपोआप उच्चारला जातो, म्हणजे परत 'ओं ना'. कानाला दोन्ही तंतोतंत एक. मग मोजायचं कसं? काळजीपूर्वक काम करणारे संशोधक अशी वाक्यं मोजणीतून बाजूलाच ठेवतात.

एक्स-आँ-प्रोव्हाँसमध्ये क्लेर ब्लाँश-बेनव्हेनिस्त आणि त्यांच्या गटाने 1970 च्या दशकापासून याच गोष्टीवर बोट ठेवलं. टेप ऐकून लिहिणारा माणूस नेहमी टेपवर असतं तेच ऐकत नाही, तो अपेक्षित असतं ते ऐकतो. शाळेत 'न' शिकलेला कान नसलेला 'न' ऐकतो. तोंडाने 'मी कधीच न गाळत नाही' असं सांगणारा माणूस त्याच वाक्यात तो गाळून मोकळा होतो. एरोआरच्या डायरीपासून टेपपर्यंत साधनं सुधारली, पण टेपच्या टोकाला शेवटी एक शिकलेला कान होताच.

मग आपण काय करायचं?

फ्रेंचपुरतं बोलायचं तर माझा अनुभव असा. मी नवे शब्द पाठ करणं थांबवलं. रोज दहा मिनिटांची खरी मुलाखत घ्यायची, ऐकून स्वतः लिहून काढायची, आणि मग छापील रूपाशी ताडून बघायची. जिथे मी जास्तीचं ऐकलं तिथे लाल खूण. पहिल्या दिवशी पान लाल झालं. जवळजवळ प्रत्येक 'न' माझ्या डोक्यातून आला होता. दोन महिन्यांनी टेबलावर मी पहिल्यांदा न ठरवता 'शे पा' म्हणाले. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि तेच मला हवं होतं. त्याच दुपारी मला कळलं की मशीन गुरुवारी रिकामं आहे!

मात्र अहवाल लिहिताना 'न' परत घालायचा, हे विसरू नका. सहज बोलणं म्हणजे नियम मोडणं नव्हे, कुठे कुठला नियम चालतो ते ओळखणं.

आणि संशोधनापुरतं? तुमचा पहिला डेटा हातात येईल तेव्हा यादीत काय आलं ते तुम्ही बघालच. सगळेच बघतात. त्या दिवशी पाच मिनिटं काढून दुसराही एक कागद घ्या. रोज हाताळता अशा गोष्टींपैकी कुठली यादीत आलीच नाही, ते त्यावर लिहा. आणि ती का आली नाही याचं उत्तर सापडेपर्यंत तो कागद टेबलावरून उचलू नका.